दहापैकी दहा

“पुन्हा वाचा,” सरला म्हणाली. “मोठ्यानं वाचा. श्यामसुंदरच्या अक्षरात आहे म्हणून ओळख पटत नसेल, तर तुमची वही काढून देते.”

“मला माझं वाक्य माहीत आहे.”

“मग म्हणून दाखवा. पुतणीचं ठरलेलं लग्न मोडणारं वाक्य माणूस काही रोज लिहीत नाही.”

श्यामराव निमकरांच्या मांडीवर मंडळाचा दिवाळी अंक उघडा पडला होता. कलकत्त्यातल्या मराठी मंडळींचा हा अंक छापला जात नसे. त्याची एकच प्रत निघे, हातानं लिहिलेली, आणि पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या यादीप्रमाणे ती घरोघर फिरे. एका घरी दोन दिवस. सगळा अंक एकटाकी लिहून काढणारा मंडळातला तरुण श्यामसुंदर समोरच्या खाटेच्या कडेवर अवघडून बसला होता. बराकपूरच्या आगट्यांकडचे दोन दिवस संपले म्हणून तो आदल्या दिवशी तिकडे अंक आणायला गेला होता. आगट्यांनी अंकाबरोबर एक बंद पाकीट दिलं. तो बिचारा ते साखरपुड्याच्या याद्यांचं असेल असं समजून रविवारी सकाळीच हसतमुखानं घेऊन आला होता. पाकिटात शकुनची पत्रिका निघाली आणि एक चिठ्ठी.

‘आपल्या पुतणीचा पूर्वेतिहास आपण स्वतःच लिहून प्रसिद्ध केलात, याबद्दल आभारी आहोत. तो आम्हांस अगोदर कळता तर बरे झाले असते. पत्रिका परत पाठवीत आहोत. दत्तात्रय आगटे.’

अंकाच्या बाविसाव्या पानावर तांबड्या पेन्सिलीची जाड रेघ होती. श्यामरावांनी गणेशोत्सवातल्या नाटकाचं परीक्षण लिहिलं होतं, त्यातल्या एका परिच्छेदाखाली.

“‘कुमारी शकुन निमकर यांनी टाकलेल्या बाईची भूमिका केली, असे म्हणता येणार नाही,’” सरलानंच वाचायला सुरुवात केली. “‘नवरा चारचौघांत तिची टिंगल करतो, तेव्हा पाहुणे हसायच्या आत ती स्वतः हसते. असे हसू तालमीत शिकवता येत नाही. वर्षानुवर्षे अपमान गिळलेल्या बाईलाच ते येते. हे सोंग नव्हे, हे जगून आलेले आहे. दहापैकी दहा.’ काय जगून आली हो ती? कुठं जगून आली?”

“ही स्तुती आहे,” श्यामराव म्हणाले. “अकरा वर्षांत मी कुणाची केली नाही एवढी स्तुती आहे.”

“ती तुमच्या खुर्चीत बसून. त्यांच्या खुर्चीत बसून बघा. मुलगी एकोणिसाव्या वर्षी नागपूरहून इथं आली. त्याआधीचं तिचं इथं कुणी काही पाहिलेलं नाही. वडील नाहीत, आई मामाकडे. आणि मुलीचा सख्खा काका लिहितो की हिला टाकलेल्या बाईचं सोंग करावं लागलं नाही. त्यांना वाटतंय हिचं तिकडं एकदा लग्न होऊन मोडलेलं आहे.”

श्यामराव श्यामसुंदरकडे वळून म्हणाले, “असं वाटू शकतं कुणाला? शिकलेल्या माणसाला?”

श्यामसुंदर कपातल्या सायीकडे बघत म्हणाला, “आगटेसाहेब म्हणाले, परक्यानं लिहिलं असतं तर मी हसण्यावारी नेलं असतं. घरच्या माणसानं लिहिलंय. मला काल त्याचा अर्थ लागला नाही.”

स्वयंपाकघरात तांदूळ निवडण्याचा आवाज येत होता, तो थांबला. थोड्या वेळानं पुन्हा सुरू झाला.

श्यामराव रेल्वेच्या गार्डन रीचच्या ऑफिसात होते. वाटेत फुटलेल्या, भिजलेल्या, हरवलेल्या मालाबद्दल लोकांचे अर्ज येत, ते तपासण्याचं त्यांचं काम. बरणी खरोखर गाडीत फुटली की फुटकीच चढवली होती, हे अर्जाच्या भाषेवरून ओळखण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. फार रडणारा अर्ज ते बाजूला ठेवत. ज्यानं फक्त काय फुटलं ते लिहिलं असेल, त्याचा खरा मानत.

नाटकाचा नाद त्यांना कलकत्त्यात आल्यावर लागला. बावीस वर्षांचे होते, नुकतेच नोकरीला लागले होते, एकटे राहत. ऑफिसातल्या एका बंगाली सोबत्यानं त्यांना उत्तरेकडच्या एका थिएटरात नेलं. त्या वेळी श्यामरावांना बंगाली कळत नव्हतं. रंगमंचावर एकजण तावातावानं बोलत होता, लोक टाळ्या वाजवत होते, आणि ह्यांना एक अक्षर समजत नव्हतं. म्हणून ते बोलणाऱ्याला सोडून जो बोलत नव्हता त्याच्याकडे बघू लागले. आणि त्यांना दिसलं की गप्प उभा असलेला म्हातारा नोकर ऐकतोय, पण राजपुत्र नुसता आपली पाळी यायची वाट बघतोय. घरी येईपर्यंत त्यांना चैन पडेना. दुसऱ्या शनिवारी ते एकटेच गेले आणि तेच नाटक पुन्हा पाहिलं.

पुढे बंगाली चांगलं आलं, पण ती सवय गेली नाही. उलट तिचा नियम झाला. “बोलणाऱ्याकडे सगळेच बघतात,” ते सांगत. “नट कळतो तो दुसरा बोलत असताना.” दहा गुणांतले दोन ते पाठांतराला देत, दोन आवाजाला, दोन वावराला. उरलेले चार, दुसऱ्याचं बोलणं चाललेलं असताना माणूस काय करतो याला.

बाकीचे नियमही ठरलेले होते. नाटकाला घरच्या मंडळींबरोबर बसायचं नाही. सरला आणि मुली पुढे बायकांत बसत, हे मागच्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर. मध्यंतरात कुणाशी बोलायचं नाही, म्हणजे दुसऱ्याचं मत चिकटत नाही. टाळी वाजवायची नाही. रात्री घरी आल्यावर काही लिहायचं नाही. तिसऱ्या दिवशी जेवढं आठवेल तेवढंच लिहायचं, कारण तेवढंच नाटक होतं, बाकी दिवे आणि कपडे. नटांना तीन दिवस भेटायचं नाही. समोरून येताना दिसले तर रस्ता बदलायचा. एकदा एस्प्लनेडच्या ट्रामच्या थांब्यावर मंडळाचे चिटणीस दिसले, त्यांनी आदल्याच दिवशी खलनायकाचं काम केलेलं, तर श्यामराव आलेली ट्राम सोडून भर उन्हात पुढच्या थांब्यापर्यंत चालत गेले होते.

व्यावसायिक बंगाली नाटकांवर ते फक्त आपल्या वहीत लिहीत. ते कुणी वाचत नसे. पण मंडळाच्या नाटकावर लिहिलेलं घरोघर फिरे. पास व्हायला पाच गुण लागत. साताच्या वर अकरा वर्षांत कुणी गेलं नव्हतं. गोड गळ्याच्या एका डॉक्टरांना त्यांनी साडेतीन दिले, तेव्हा डॉक्टर दोन वर्षं त्यांच्या घरावरून जाताना मान वळवून जात. संक्रांतीला तिळगूळ द्यायला येणारे लोक ‘गोड बोला’ हे दोन शब्द जरा दाबून म्हणत. श्यामराव हसत आणि गूळ खात. लोक भीत, रागावत, आणि अंक घरी आला की पहिल्यांदा त्यांचंच पान उघडत.

माणूस चारचौघांत मोठा गमत्या. कुणाच्या घरी गेले की दहा मिनिटांत बैठक ताब्यात घेत. “आमच्या हिला मी रोज दोन्ही वेळा नापास करतो,” ते म्हणत, “पण ही शाळा सोडत नाही.” मंडळी खो खो हसत. सरलाही हसे.

यंदाच्या नाटकात नायिकेचं काम करणाऱ्या बाईंच्या यजमानांची ऐनवेळी बदली झाली. शिवणाच्या वर्गाला जाणारी, मान खाली घालून बोलणारी शकुन तालमींना संवाद सांगायला बसत असे. तिला सगळं पाठ होतं म्हणून तिलाच उभी केली. श्यामराव महिनाभर अस्वस्थ होते. घरात तालीम करायची नाही, माझ्यासमोर एक वाक्य म्हणायचं नाही, अशी त्यांनी तिला ताकीद दिली. नात्याचा स्पर्श नको. शकुननं ते पाळलं. गच्चीवर कपडे वाळत घालताना ती पुटपुटे आणि लीना, श्यामरावांची बारा वर्षांची मुलगी, नवरा होऊन तिच्यावर ओरडे.

नाटकाच्या दिवशी दुसऱ्या अंकात नवरा पाहुण्यांसमोर बायकोच्या बावळटपणावर विनोद करतो. लेखकानं बायकोला त्या ठिकाणी वाक्यच दिलेलं नव्हतं. शकुन हातात पाण्याचं भांडं घेऊन उभी होती. विनोद पुरा होतो न होतो तोच ती हसली. पाहुण्यांच्या आधी. मग पाहुणे हसले, आणि तोवर तिचं हसून झालेलं होतं आणि ती भांडं जमिनीवर ठेवत होती.

मागच्या रांगेत श्यामरावांनी पहिल्यांदाच गुणांचा हिशेब सोडून दिला. तिसऱ्या दिवशी त्यांना बाकी नाटक आठवलंच नाही.

“मी जातो बराकपूरला,” श्यामराव म्हणाले. “समजावून सांगतो.”

“एवढ्या लांब जायचं ते हात हलवत नको,” श्यामसुंदर म्हणाला. “काका, राग मानू नका. पुढच्या घरी अंक जायच्या आत हे पान मी बदलतो. नवं पान लिहून चिकटवतो. तुम्ही फक्त एवढं सांगा की उत्साहाच्या भरात लिहिलं गेलं. काम नवशिकं होतं. साडेपाच गुण.”

“साडेपाचाचं काम नव्हतं ते.”

“अहो, पण लग्नाचं काम आहे,” सरला म्हणाली. “साडेपाच तर साडेपाच. चार द्या. नापास झालेल्या मुलीशी लग्न करतात लोक, टाकलेल्या मुलीशी नाही करत. बाविसावं सरत आलं तिचं. हे तिसरं स्थळ. मुलगा विमा कंपनीत, निर्व्यसनी, एकुलता एक. वहिनींना, तिच्या आईला, मी काय कळवू? तुमच्या दिरांनी परीक्षण लिहिलं म्हणून?”

“मी सांगेन त्यांना. पण गुण बदलणार नाही.”

सरलानं अंक त्यांच्या मांडीवरून उचलला, मिटला आणि श्यामसुंदरच्या हातात दिला. “तू थांब जरा. अंक दुसऱ्या घरी नेऊ नकोस. मीही येते तुमच्याबरोबर,” ती नवऱ्याला म्हणाली. “तुम्ही एकटे गेलात तर तिथं त्यांना चार गुण कशाला ते समजावत बसाल.”

जाताना श्यामराव स्वयंपाकघराच्या दारात थांबले. शकुन सूप मांडीवर घेऊन बसली होती.

“मी चांगलं लिहिलं होतं गं,” ते म्हणाले.

“हो काका,” ती म्हणाली. वर पाहिलं नाही.

“शकुनताईला राग झालाय,” लीना म्हणाली. तिचं मराठी असंच होतं, अर्धं शेजारपाजारचं बंगाली.

सियालदाहून गाडी धरून ते बराकपूरला पोचले तेव्हा दोन वाजून गेले होते. आगट्यांच्या बंगल्याच्या व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या होत्या. छावणीच्या कचेरीतली मोठ्या हुद्द्याची नोकरी. घरात आवाज कमी आणि झाडलोट फार. आगटेसाहेब बसा म्हणाले. आगटेबाई खाण्याच्या बश्या घेऊन आल्या. विनायक, मुलगा, बाजूच्या खुर्चीत सरळ पाठीनं बसला. तो दोनदा शकुनला बघायला आला होता आणि दुसऱ्या वेळी तिच्यासाठी मोगऱ्याचा गजरा आणला होता. सरलाला तेवढ्यावरून तो फार आवडला होता.

श्यामरावांनी सगळं नीट सांगितलं. आपली पद्धत सांगितली. मुलीचं शाळेचं प्रमाणपत्र नागपूरहून मागवू, मामांची पत्रं दाखवू म्हणाले. आगटेसाहेब ऐकून घेत होते.

“नाटक मी पाहिलं होतं,” आगटेबाई म्हणाल्या. “बायकांत पुढेच बसले होते. बघताना मला काही वाटलं नाही. गुणी वाटली मुलगी. पण यांनी अंक वाचून दाखवला आणि अंगावर काटा आला. ते हसणं मलाही आठवलं. ते खोटं नव्हतं, हे तुम्ही बरोबरच लिहिलंय.”

“मग त्यात—”

“मग मला एवढंच सांगा, तिनं ते आणलं कुठून? स्वतः सोसलं नाही म्हणता. ठीक आहे. पण कुठंतरी पाहिलं असेलच ना? कुठं पाहिलं?”

अकरा वर्षं श्यामराव हाच प्रश्न दुसऱ्यांना विचारत आले होते. ते म्हणाले, मुलींची नजर तीक्ष्ण असते, शेजारीपाजारी कुठं दिसलं असेल. आगटेसाहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. उठण्याची वेळ आली, हे सगळ्यांना कळलं.

सरला काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाली, “चिवडा अगदी हलका झालाय. पोहे भाजून घेता का तुम्ही?”

“विचारून काय उपयोग?” श्यामराव म्हणाले. बैठक हातातून गेली की ते असंच करत. तोंडून आपोआप निघे. “आमच्याकडे पंचवीस वर्षं एकच चव आहे. पदार्थ कोणता ते हिला विचारून घ्यावं लागतं.”

आणि सरला हसली.

वाक्याचा शेवटचा शब्द पुरता उमटायच्या आत हसली. मग आगटेसाहेब हसले. आगटेबाईंचे ओठ हसायला उघडले आणि तसेच राहिले. सरलाचं तोवर हसून झालं होतं आणि ती हातातली बशी स्टुलावर ठेवत होती.

श्यामरावांना वाटलं खुर्ची सरकली. हे त्यांनी पाहिलेलं होतं. हेच, असंच, दिव्यांच्या उजेडात, मागच्या रांगेतून. तेव्हा भांडं होतं, आता बशी होती. आपल्या अक्षरातली वाक्यं त्यांना एकामागून एक आठवू लागली. वर्षानुवर्षे. गिळलेल्या. तालमीत शिकवता येत नाही. समोर त्यांची बायको बसली होती आणि आगटेबाई तिच्याकडे बघत होत्या.

“शकुन तुमच्याकडे येऊन किती वर्षं झाली?” आगटेबाईंनी सरलाला विचारलं.

“तीन होतील.”

“तुमच्या हाताखालीच असते?”

“हो, दिवसभर. माझ्या पाठीपाठीच असते.”

“मग झालं,” आगटेबाई म्हणाल्या. आवाज मऊ झाला होता. “अहो, मुलीत काही खोट नाही. कुठं पाहिलं ते मला कळलं.”

“कुठं?” आगटेसाहेबांनी विचारलं.

“ते तुम्हाला नाही कळायचं. पत्रिका आणलीय का परत? द्या इकडे. साखरपुडा ठरल्या दिवशीच करू. ते पान मात्र काढून टाका, आणि लग्नानंतर नाटकं नकोत.”

सरलाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं पिशवीतून पत्रिका काढून दिली. निघताना आगटेसाहेबांनी श्यामरावांच्या पाठीवर थाप मारली.

गाडीत बसल्यावर सरलानं विचारलं, “अहो, त्या काय म्हणाल्या? कुठं पाहिलं म्हणे?”

“घरी गेल्यावर सांगतो.”

“तब्येत बरी आहे ना?”

“आहे.”

सियालदाहून ट्राम, एस्प्लनेडला दुसरी, खिदिरपूरला बस. सरला वाटभर आपल्याशीच बोलत होती. कोणाला बोलवायचं, शालू नागपूरहून आणायचा की इथंच बघायचा.

दिवे लागले होते. श्यामसुंदर अजून बसून होता. अंक त्याच्या मांडीवर होता. लीनानं दार उघडलं. सरला आत येता येताच म्हणाली, “जमलं गं शकुन. देवाजवळ साखर ठेव.”

शकुन बाहेर आली. श्यामराव टोपी न काढता उभे होते.

“ते हसणं,” त्यांनी शकुनला विचारलं, “तू काकूचं उचललंस?”

शकुननं काकूकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. “हो,” ती म्हणाली. “मला वाटलं तुम्ही ओळखलंत. ओळखलंत म्हणूनच दहा दिलेत, असं वाटलं मला. नाटक झाल्यावर तीन दिवस मी भीत होते, तुम्ही रागावाल म्हणून. मग तुम्ही एवढं चांगलं लिहिलंत.”

“माझं काय?” सरला म्हणाली. “काय उचललं माझं?”

शकुननं अंकाकडे पाहिलं.

“लिहिलंय ते? ते हसू? मी हसते तशी?” तिनं श्यामसुंदरकडे पाहिलं. तो मान खाली घालून अंकाच्या कडा सारख्या करत होता. “काहीतरीच. विनोद झाला की माणूस हसतं. सगळेच हसतात.”

“तू आधी हसतेस, आई,” लीना म्हणाली. “बाबांनी पूर्ण करायच्या आधी. नेहमी.”

सरला दाराजवळच्या पेटीवर बसली. पायांतल्या चपला तशाच होत्या. पंचवीस वर्षं आपण कोपऱ्यात उभं राहून जे कुणाला दिसणार नाही असं करत आलो, ते मंडळाच्या दोनशे माणसांनी समोर बसून पाहिलं होतं, आणि घरोघर दोन-दोन दिवस ठेवून वाचलं होतं. नागपूरची मुलगी तीन वर्षांत ते शिकली होती. बारा वर्षांच्या मुलीला ते ठाऊक होतं. बराकपूरच्या बाईंना एका चिवड्याच्या बशीत कळलं होतं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा तिनं असा कधी पाहिला नव्हता. त्याला आजच कळलं होतं.

“त्यांच्याकडे काय झालं?” शकुननं विचारलं. “एकदम कसं पटलं त्यांना?”

श्यामरावांनी सांगितलं. चिवडा, विनोद, आगटेबाई. काही गाळलं नाही.

“विनायक होते तिथं?”

“होता.”

“ते बोलत होते?”

“नाही. तो काहीच बोलला नाही.”

“मग तुम्ही पाहिलं असेल त्यांच्याकडे,” शकुन म्हणाली. “तुम्ही तो विनोद केलात तेव्हा ते काय करत होते?”

सरलानं मान वर केली. श्यामरावांना उत्तर माहीत होतं, हे तिला दिसलं. एक साधं खोटं वाक्य पुरलं असतं. तो वर्तमानपत्र वाचत होता, एवढं म्हटलं असतं तरी झालं असतं. साखरपुडा आठ दिवसांवर होता.

श्यामरावांनी टोपी काढली. “मी बोलत होतो तेव्हा तो माझ्याकडे बघत नव्हता,” ते म्हणाले. मंडळाच्या बैठकीत वाचत तसा त्यांचा आवाज सपाट झाला होता. “आईकडे बघत होता. वडील हसले तरी हा हसला नाही. आईच्या ओठांवर हसू यायला लागलं तेव्हा हा हसला. आईचं मध्येच थांबलं, पण याच्या ते लक्षात आलं नाही. हा हसतच राहिला. तुझ्या काकूकडे बघून. बराच वेळ.”

“बराच म्हणजे?”

“काकूनं बशी ठेवून पदर सारखा केला, तोपर्यंत.”

शकुननं मान डोलावली. जणू एवढंच विचारायचं होतं. तिनं काकूच्या पायांतल्या चपला हातानं सोडवून बाजूला ठेवल्या आणि तिथंच जमिनीवर बसली.

“मुलगा वाईट नाही,” श्यामसुंदर हळूच म्हणाला. “नवी पिढी आहे. लग्नानंतर बदलतात माणसं.”

“आगटेबाई समजूतदार आहेत,” श्यामराव म्हणाले. आवाज पुन्हा त्यांचा स्वतःचा झाला होता, थकलेला. “त्यांना कळलं. त्या सांभाळून घेतील तिला. सरला, तू बोल काहीतरी. तुझीच धडपड होती.”

“त्यांना लगेच कळलं,” सरला म्हणाली. “लगेच कसं कळलं त्यांना, ते विचारा की.”

तिनं पेटीवरून उठून खुंटीवरचा टॉवेल घेतला, तोंड पुसलं, आणि दिवा लावलेल्या टेबलापाशी गेली. श्यामरावांची दौत आणि टाक तिथंच होते.

“आगट्यांना मी नाही म्हणून कळवते आहे. पत्र मी लिहीन, माझ्या नावानं,” ती म्हणाली. “शकुन त्या घरात जाणार नाही. जेवायला बसा सगळे.”